पाय उचलतो, पण कशाच्या जोरावर? खुब्याच्या स्नायूंच्या चाचणीचे एक प्रकरण

तासगाव तालुक्यातले ५८ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह, गोळ्यांवर आटोक्यात. ऑगस्टमध्ये डाव्या मांडीच्या पुढच्या भागात आग पडल्यासारखे दुखू लागले. रात्री जास्त, इतके की अंगावरची चादरही मांडीला नकोशी व्हायची. तीन-साडेतीन आठवड्यांनी दुखणे ओसरायला लागले आणि त्याच सुमारास पाय उचलेनासा झाला. जिना चढताना डावी मांडी हाताने धरून पायरीवर ठेवावी लागे. बागेत ठिबकच्या नळ्यांना पाय अडकून दोनदा पडले. दोन महिन्यांत वजन ७१ किलोवरून ६४ वर आले. घरच्यांना वाटले, पथ्य कडक पाळल्यामुळे उतरले असेल.

सोबत आणलेल्या फायलीत कमरेचा एमआरआय होता: चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती डावीकडे सरकलेली. ‘मणक्यात गॅप आहे’ एवढेच घरी कळले होते. त्यावर शॉर्टवेव्हचा शेक, ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा झाला होता. तपासणीच्या कागदावर एक ओळ होती, ‘दोन्ही पाय, पॉवर ५/५’, म्हणजे पूर्ण ताकद. ऑक्टोबरची फळछाटणी तोंडावर आलेली. ऑपरेशन छाटणीआधी करायचे की नंतर, एवढाच प्रश्न घेऊन ते आले होते.

‘‘दुखतंय कमी, पर पाय उचलतच न्हाई. धरून ठेवावा लागतोय,’’ हे त्यांचे म्हणणे आणि कागदावरचे ५/५, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

ते ‘पाच’ कुठून आले

आधीची तपासणी कशी झाली, हे त्यांनी करून दाखवले. उताणे झोपवले, गुडघा वाकवून छातीकडे घ्यायला सांगितले, गुडघ्याजवळ हात ठेवून एकदा पायाकडे ढकलले. पाय हलला नाही. झाले.

यात कमजोर स्नायूही पास होतो आणि त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. माणूस उताणा झोपलेला आणि खुबा ९० अंशांत वाकलेला असेल, तर मांडी छताकडे उभी असते. तिचे वजन सरळ खुब्याच्या सांध्यातून खाली जाते, स्नायूवर त्याचा भार पडत नाही. गुडघ्यापासून पुढे आडव्या राहिलेल्या नडगीचाच काय तो थोडा भार येतो. गुडघा आणखी छातीकडे गेला की मांडीचे वजनच तिला छातीवर टेकवायला मदत करते. गुरुत्वाकर्षण स्नायूच्या विरुद्ध असायला हवे, ते इथे त्याच्या बाजूने काम करते. शिवाय टेबलाच्या कडेला उभे राहून पावलांच्या दिशेने ढकलायचे म्हणजे नुसत्या मनगटाचा जोर, तपासणाऱ्याचे शरीर मागे येतच नाही. आयुष्यभर बागेत राबलेल्या माणसाची मांडी अशा ढकलण्याने, तेही निमिषभराच्या, खाली येणार नाही.

हाताने ताकद मोजण्याची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये रॉबर्ट लॉव्हेट यांच्याकडे पोलिओच्या रुग्णांसाठी आकाराला आली आणि ० ते ५ ही ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलची पट्टी (० म्हणजे स्नायू आवळतही नाही, ३ म्हणजे अवयवाचे वजन पेलतो, ५ म्हणजे पूर्ण ताकद; मधल्या छटांसाठी अधिक-वजा) १९४३ मध्ये मज्जातंतूंच्या जखमांसाठी आली. दोन्हीकडे खरा प्रश्न होता, स्नायू जिवंत आहे का आणि स्वतःच्या अवयवाचे वजन पेलतो का. म्हणून ०, १, २, ३ या पायऱ्या चोख आहेत. तीनच्या वर मात्र एका ‘चार’मध्ये प्रचंड मोठा पट्टा कोंबलेला आहे. या पट्टीत गुरुत्वाकर्षण हेच माप आहे. रुग्णाची स्थिती बदलली की माप बदलते, आणि स्थिती न लिहिता नुसता आकडा लिहिला तर त्याला अर्थ राहत नाही.

बसवून घेतलेली चाचणी

रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवले. मांडी गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत पूर्ण टेकलेली, नडग्या मोकळ्या लोंबत्या आणि पावले जमिनीपासून सुटलेली. टेबल बुटके असेल तर रुग्ण टाचेने जमीन रेटतो आणि तपासणाऱ्याला वाटते मांडी उचलली. दोन्ही हात टेबलाच्या कडेला धरायला दिले. काही जण हात छातीवर घडी घालायला लावतात. तेही चालते, फक्त पुढच्या वेळी तेच करायला हवे, कारण हात सुटले की धड अस्थिर होते आणि आकडा खाली येतो.

आधी चांगली बाजू. रुग्णाला काय करायचे ते कळते आणि तपासणाऱ्याच्या हाताला या माणसाचे ‘पाच’ कसे लागते ते समजते. सूचना अशी: ‘‘तात्या, मांडी गादीवरून वर उचला. आता मी खाली दाबतोय, खाली येऊ द्यायची नाही.’’ नुसते ‘जोर लावा’ म्हटले की निम्मे रुग्ण पाय खाली दाबतात. मांडी गादीपासून चार-पाच बोटे सुटली, वर थांबली, की मग तळहात गुडघ्याच्या वाटीच्या थोडा वर ठेवायचा, वाटीवर नाही. दुसरा हात त्याच बाजूच्या खांद्यावर किंवा कमरेच्या पुढच्या हाडावर. कोपर सरळ ठेवून, स्वतःचे वजन हळूहळू सोडत, दोन-तीन सेकंदांत दाब पूर्ण करायचा आणि आणखी दोन सेकंद धरायचा. झटका दिला तर ‘पाच’चा स्नायूही सुटतो आणि दुखरा स्नायू भीतीनेच सुटतो.

या स्थितीत खुबा आधीच ९० अंशांत असतो. तिथून वर न्यायचे काम मुख्यतः इलियोसोआसवर येते. सोआस कण्याच्या मणक्यांपासून आणि इलियॅकस कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलग्यापासून निघतो, दोघे मिळून मांडीच्या हाडाच्या आतल्या छोट्या उंचवट्यावर लागतात. बसलेल्या स्थितीत हा स्नायू आखूड झालेला असतो, म्हणून त्याची कमजोरी इथेच उघडी पडते.

उजवी मांडी संपूर्ण वजन टाकूनही हलली नाही.

डावी उचलायला सांगितल्यावर पहिल्या दमात ती चांगली वीतभर वर आली. पण कशी आली, ते पाहण्यासारखे होते. धड मागे कलले. गुडघा बाहेर गेला आणि पाऊल आत, उजव्या नडगीकडे वळले. कमरेच्या पुढच्या हाडाखाली दोरीसारखा एक स्नायू ताठ उभा राहिला, बोटाखाली सहज लागेल असा. तो सार्टोरियस. खुबा वाकवता वाकवता मांडी बाहेर नेणे आणि बाहेर फिरवणे हे त्याचे काम, म्हणून गुडघा बाहेर आणि पाऊल आत. गुडघा बाहेर जाऊन पाऊलही बाहेर गेले असते, तर खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा टेन्सर फॅशिया लाटा मदतीला आला असे समजायचे, तो मांडी आत फिरवतो. आणि एका बाजूचा नितंब गादीवरून सुटला असता तर कमरेचा स्नायू पाय ओढून घेत होता. मांडी किती वर आली हे पाहण्याआधी गुडघा, पाऊल, खांदा आणि नितंब या चार जागा पाहाव्यात. नजर गुडघ्यावरच खिळली की फसगत ठरलेली.

मग खांद्यावर हात ठेवून धड सरळ धरले आणि गुडघा-पाऊल एका ओळीत ठेवायला सांगितले. आता मांडी गादीपासून जेमतेम तीन बोटे सुटली. तीन सेकंद थांबली, थरथरली, आणि दोन बोटांच्या दाबाने खाली आली. ग्रेड ३+. दुखण्यामुळे सोडली का, हे तिथेच विचारले. दुखत नव्हते. हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारून उत्तर आकड्यासमोर लिहावे, कारण दुखण्याने सुटलेला ‘चार’ आणि शक्ती नसलेला ‘चार’ यांचे उपचार वेगळे.

मांडी सुटलीच नसती तर? मग चांगली बाजू खाली ठेवून कुशीवर झोपवायचे, खालचा पाय स्थिरतेसाठी वाकवायचा, वरचा पाय मागे उभे राहून स्वतःच्या हातावर तोलून धरायचा आणि गुडघा छातीकडे आणायला सांगायचा. पूर्ण आला तर २. तेही नाही तर उताणे झोपवून, पिंढरीखालून पायाला आधार देऊन, जांघेच्या पट्ट्याखाली सार्टोरियसच्या आतल्या बाजूला बोटे ठेवायची. स्नायू आवळल्याचे लागले तर १, नाही तर ०. तिथेच मांडीची मुख्य धमनी असते, तिचा ठोका म्हणजे स्नायूची हालचाल नव्हे.

यंत्राचा आकडा आणि पायाचे वजन

हातात धरायचा डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजायचे यंत्र, त्याच जागी, त्याच स्थितीत लावला. तीन वेळा, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती, सर्वांत मोठा आकडा धरला. उजवा २० किलो, डावा ४ किलो. यावरून डाव्या बाजूला फक्त पाचवा हिस्सा ताकद उरली असे लिहावेसे वाटते. ते चूक आहे.

यंत्रावर काही उमटण्याआधीच स्नायू पायाचे वजन उचलून बसलेला असतो. संपूर्ण पायाचे वजन शरीराच्या साधारण १६ टक्के धरतात. ६४ किलोच्या माणसात सुमारे १० किलो, त्यातली मांडी ६.४ आणि नडगी-पाऊल मिळून ३.९. बसलेल्या स्थितीत मांडीचे वजन खुब्यापासून साधारण १८ सेंटिमीटरवर पडते, तर लोंबणारी नडगी पुरती मांडीभर अंतरावर, म्हणजे यांच्या मापाने ४२ सेंटिमीटरवर. वजन आणि अंतर यांच्या गुणाकारातून येणारा हा सांध्याभोवतीचा भार दोन्ही मिळून जवळपास २७ न्यूटन-मीटर. नुसत्या ‘तीन’ची किंमत एवढी आहे. उताणे झोपवून खुबा व गुडघा ९० अंशांत धरला, तर हाच भार सात-आठ न्यूटन-मीटरवर येतो. आधीच्या कागदावरच्या ‘पाच’चे मूळ या फरकात आहे.

यंत्राची गादी खुब्यापासून ३५ सेंटिमीटरवर होती. उजवीकडचे २० किलो म्हणजे ६९ न्यूटन-मीटर, त्यात २७ मिळवले की ९६. डावीकडे १४ अधिक २७, म्हणजे ४१. खरी ताकद चांगल्या पायाच्या ४३ टक्के. कमजोरी मोठीच आहे, पण ‘पाचवा हिस्सा’ नाही. अंतर मोजून लिहायलाच हवे. पुढच्या वेळी गादी घोट्याकडे किंवा कमरेकडे पाच सेंटिमीटर सरकली तर स्नायू तोच असूनही आकडा बदलेल.

बाकीचे स्नायू काय सांगत होते

एकट्या इलियोसोआसवरून निदान होत नाही. गुडघा सरळ करणारा क्वाड्रिसेप्स डावीकडे ४ वजा. मांडी आत घेणारे अ‍ॅडक्टर ३+. मांडी बाहेर नेणारा ग्लुटियस मीडियस ४. घोटा वर घेणे ५, पायाचा अंगठा वर घेणे ५, भिंतीला बोट टेकवून एका पायावर टाचा उचलणे दोन्हीकडे सारखे. हातोडीने ठोकल्यावर येणारा डाव्या गुडघ्याचा झटका गायब, उजवा मंद. वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर मांडीचा घेर उजवा ४५.५, डावा ४२. पाय सरळ उचलण्याची चाचणी ७५ अंशांपर्यंत निर्धोक. पालथे झोपवून गुडघा वाकवला की डाव्या मांडीत पुढे कळ.

एमआरआयमधली चकती चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली. तशी चकती सहसा पाचव्या कटी मज्जामुळाला, म्हणजे कमरेच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला, दाबते, आणि ते दाबले तर सर्वांत आधी अंगठा आणि घोटा कमजोर होतो. इथे ते दोन्ही ठणठणीत. बागेत पाय अडकत होता तोही पाऊल लोंबल्यामुळे नव्हे, मांडी पुरती उचलत नसल्यामुळे. चालताना समोरून पाहिले तर ठेच घोट्यामुळे लागते की खुब्यामुळे, हे लगेच दिसते. या वयाच्या माणसाच्या एमआरआयमध्ये सरकलेली चकती सापडणे नवलाचे नाही. ती लक्षणांशी जुळते का, हे तपासणीनेच ठरते.

मग मांडीच्या पुढच्या भागाचा फेमोरल मज्जातंतू? इलियॅकस आणि क्वाड्रिसेप्स त्याचेच. पण अ‍ॅडक्टर ऑब्च्युरेटर मज्जातंतूवर चालतात आणि तेही तितकेच कमजोर होते. दोन वेगळ्या मज्जातंतूंचे स्नायू एकाच बाजूला एकाच वेळी जातात, तेव्हा बिघाड वर असतो, दुसऱ्या ते चौथ्या कटी मज्जामुळांत किंवा त्यांच्या जाळ्यात. अ‍ॅडक्टर तपासायला दीड मिनिट लागते. सगळ्या प्रकरणाला वळण त्या दीड मिनिटाने दिले, आणि नेमकी हीच चाचणी बहुतेक कागदांवर नसते.

पाठवण्याआधी आणखी काही गोष्टी नाकारायच्या होत्या. ताप नाही, रात्री घाम नाही, खुबा मागे ताणल्यावर पोटात किंवा जांघेत कळ नाही, थॉमस चाचणीत (उताणे झोपवून दुसरा गुडघा छातीशी धरायचा) मांडी टेबलाला टेकते. आपल्याकडे मणक्याच्या क्षयातून सोआसमध्ये पू साचण्याचे प्रकार होतात आणि त्यात खुबा वाकलेलाच राहतो, म्हणून हे विसरायचे नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती, नाही तर इलियॅकसमधल्या रक्तस्रावाची शंका घ्यावी लागली असती. लघवी-शौचावर ताबा होता, बैठकीच्या जागेची संवेदना ठीक होती. यातले एकही बिघडलेले असते तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात धाडायचे.

मधुमेह, मांडीत रात्रीची आग, उतरलेले वजन, मग पाठोपाठ एका बाजूची कमजोरी. हे चित्र डायबेटिक अ‍ॅमायोट्रॉफीचे. १८९० मध्ये जर्मन न्यूरोलॉजिस्ट ब्रुन्स यांनी ते वर्णिले. मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या दाहामुळे हा आजार होतो. शुगर फार वाढलेली नसतानाही तो होतो, त्यामुळे ‘शुगर तर बरी आहे’ म्हणून तो बाजूला टाकला जातो. पत्रात निदान ठामपणे न लिहिता सगळे ग्रेड, स्थिती आणि यंत्राचे आकडे लिहून मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवले. ईएमजीमध्ये, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीत, डाव्या इलियोसोआस, क्वाड्रिसेप्स, अ‍ॅडक्टर आणि कण्यालगतच्या स्नायूंतही मज्जातंतू तुटल्याच्या खुणा मिळाल्या. पोट-ओटीपोटाच्या स्कॅनमध्ये गाठ किंवा पू नव्हता. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारे एचबीए१सी ७.१ टक्के. मेटफॉर्मिन चालू असल्याने बी१२ ही पाहिले गेले. निदान पक्के झाले, मणक्याचे ऑपरेशन रद्द झाले. स्टेरॉइड द्यायचे नाही, हा निर्णय शुगर लक्षात घेऊन न्यूरोलॉजिस्टनी घेतला.

व्यायाम आणि शेतातले नियम

ज्या स्नायूचे मज्जातंतू तुटलेले आहेत त्याला थकवून ताकद येत नाही, उलट उरलेले तंतू दमतात. सुरुवात बसून मांडी उचलण्याने, वजन न बांधता, सहा वेळा, तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे थांबून. गुडघा बाहेर गेला की ती फेरी तिथेच संपली. नाही तर सार्टोरियस बळकट होतो आणि इलियोसोआस तसाच राहतो. अ‍ॅडक्टरसाठी गुडघ्यांमध्ये उशी दाबणे, क्वाड्रिसेप्ससाठी उंच खुर्चीवरून उठणे. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची: मांडी आदल्या दिवसापेक्षा जड वाटली किंवा दुखणे २४ तासांपुढे टिकले, तर फेऱ्या निम्म्या.

काठी उजव्या हातात. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी. ठिबकच्या नळ्या ज्या ओळींत वर बांधलेल्या आहेत त्याच ओळींतून जायचे. ट्रॅक्टर बंद, आणि याबद्दल घरात बरीच वादावादी झाली. क्लच डाव्या पायाला असतो. तो दाबणे जमते, पण पाऊल जमिनीवरून उचलून वेळेत क्लचवर नेणे हे काम खुबा वाकवणाऱ्या स्नायूंचे आहे. छाटणी मजुरांकडून करून घेतली.

पुढचे आकडे

सहा आठवड्यांनी डावा ४ वर तसाच, पण उजवा २० वरून १६ वर आला होता. उजव्या मांडीत थोडी आग सुरू झाल्याचे त्यांनी विचारल्यावरच सांगितले. या आजारात दुसरी बाजू धरली जाते ती अशी. हाताने दाबून पाहिले असते तर उजवा अजूनही ‘पाच’च ठरला असता. न्यूरोलॉजिस्टना कळवले, उजवीकडचे वजनाचे व्यायाम थांबवले.

तीन महिन्यांनी डावा ६, उजवा १७. सहा महिन्यांनी डावा ९. नऊ महिन्यांनी डावा १३, उजवा २०, वजन ६७ किलो. यंत्रावर ४ वरून १३ म्हणजे तिपटीहून जास्त दिसते. पायाचे वजन धरले तर ४१ वरून ७२ न्यूटन-मीटर, पावणेदोन पट. रुग्णाला आणि घरच्यांना हाच दुसरा आकडा सांगितला, कारण पहिल्याच्या भरवशावर माणूस ट्रॅक्टरवर चढतो.

हाताच्या चाचणीत आता डावा इलियोसोआस ४, अ‍ॅडक्टर ४+, क्वाड्रिसेप्स ४+. डाव्या गुडघ्याचा झटका अजून आलेला नाही. सुधारणा दीड-दोन वर्षे चालू राहू शकते आणि काही कमजोरी कायमही राहते, हे स्पष्ट सांगितले आहे. ट्रॅक्टरसाठी अट अशी ठेवली आहे: खुर्चीत पाठ टेकवून, मांडीला हात न लावता, डावे पाऊल वीस सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर सलग वीस वेळा नेणे, गुडघा बाहेर न जाता. सध्या बाराव्या वेळी गुडघा बाहेर जातो. दर तीन महिन्यांनी दोन्ही पाय मोजायचे, त्याच टेबलावर, यंत्र ३५ सेंटिमीटरवर, हात टेबलाच्या कडेला.